रजिस्टरवाले भाऊ

पूर्व विदर्भातल्या सरकारी दवाखान्यात नोंदींची एक खोली असते आणि त्या खोलीत एक भाऊ असतात. कानावर लाल पेन, पुढ्यात ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर. माणूस त्यांना नावावरून कळत नाही, गावावरून कळतो. आणि गाव कळतं हायड्रोसीलवरून, म्हणजे अंडवृद्धीवरून. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याला विचारतील, "कोणतं गाव?" पाहुण्यानं सांगितलं की जिलेबी मोडत म्हणतील, "हो हो. मागच्या साली सात आले होते तुमच्याकडचे." पाहुण्याला वाटतं, वऱ्हाडी मोजतायत.

पण हा नाद रिकामपणाचा नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा हा हत्तीरोगाचा पट्टा. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो, जंत अंगात शिरतो आणि वर्षानुवर्षं गप्प राहतो. पुढे कुणाचा पाय सुजतो, कुणाला अंडवृद्धी होते. सुजलेला पाय चारचौघांत दिसतो, अंडवृद्धी धोतराआड राहते. खरं तर जगभरात तिचेच रुग्ण जास्त. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब अडीच कोटी पुरुषांचा आहे. पण आशाताईंनी दारात येऊन विचारलं तर गडी "काही नाही जी" म्हणून बैलाकडे वळतो. जंतांची पिल्लं रक्तात रात्रीच फिरतात, म्हणून पथक रात्री बोटं टोचत हिंडतं. पण अंडवृद्धी झालेल्याच्या रक्तात ती बहुतेक वेळा सापडतच नाहीत. मग हा आजार मोजायचा कुठे? जिथे माणूस लाज सोडून टेबलावर निजतो तिथे.

भाऊंचं रजिस्टर वाचणं ऐकण्यासारखं असतं. "वय वर्षं तीन? काटा. हे जन्माचं, डासाचं नाही. हा उजवा फेब्रुवारीतला, हा डावा नोव्हेंबरातला. माणूस एकच, दोन धरू नका. याच्यापुढं हर्निया लिहिलंय, पण ऑपरेशन कोणतं झालं ते बघा की! अन् हा पत्ता सासुरवाडीचा. आपल्या गावात बोभाटा नको म्हणून." डॉक्टरांच्या अक्षरावर ते जे बोलतात ते इथे छापता येणार नाही.

एकदा जिल्ह्याहून लॅपटॉप घेऊन एक तरुण साहेब आले. त्यांनी ऑपरेशनांचा वर्षवार आलेख काढला. एका वर्षी रेघ थेट तळाला. साहेब हरखले, "बघा, रोग गेला!"

"रोग कुठं गेला साहेब? सर्जन गेला. बदली झाली ना बाप्पा त्याची."

पुढच्या वर्षी रेघ आभाळाला भिडलेली. साहेबांचा चेहरा उतरला.

"साथ नाही जी. शिबिर लागलं होतं."

साहेब लॅपटॉप मिटून चहाला गेले. भाऊंचा स्वभाव तिरसट आहे, कुणाचा उत्साह टिकू देत नाहीत. पण जिल्ह्याला खरा आकडा हवा असेल तर असा तिरसट माणूसच लागतो. त्यांच्या आकड्यापुढे नेहमी एकच शेरा असतो: "कमीत कमी." आले ते एवढे, घरी बसून राहिले त्यांचा हिशेब त्यांच्या बायकांना ठाऊक.

तेव्हा तुमच्या घरात कुणी असं धोतर सावरत बसलेलं असेल, तर त्याला सरकारी दवाखान्यात न्या. ऑपरेशन लहान असतं. फक्त पत्ता लिहून देताना तालुक्याचं नाव सांगून सुटू नका. गावाचं सांगा, आणि तेही स्वतःच्या.