‘सांग बघू’ आबा

कोकणात वाडीवाडीला एक ‘सांग बघू’ आबा असतो. त्याला वय विचारायची सोय नसते. विचारलंत की ऐकावं लागतं, “माजा नि झिलाचा वय मिळान शंभर. मी तेच्यापेक्षा बत्तीस वर्सांनी मोठो. सांग बघू!” गणपतीला आलेला चाकरमानी रात्रभराच्या प्रवासाने आंबलेला, सुटका व्हावी म्हणून तो ‘पन्नास’ ठोकून देतो आणि फसतो. चुकीच्या उत्तरावर आबा पाऊण तास बोलतो.

तोंडवलीतला आबा तर जास्तच घातक. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी आणि मधे तळाशीलपर्यंत माडांची चिंचोळी पट्टी. समोरून आबा येताना दिसला तर माणसाने वळायचं कुठे?

आबाच्या पिढीने पावकी, निमकी, औटकी छडीखाली पाठ केली. मेंदूला व्यायाम हवा, हे त्याने पेपरात वाचलं. तो दुसऱ्याच्या मेंदूकडून करून घ्यायचा, ही भर त्याची स्वतःची.

त्याचे देव दोनच: आचऱ्याचा रामेश्वर आणि देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर. कापरेकरांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत 6174 या आकड्याची गंमत मांडली. इथल्या पंडितांनी फारसं मनावर घेतलं नाही; 1975 मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरने लिहिलं तेव्हा मास्तरांचं नाव जगभर झालं. आबाला ते इतकं लागलंय, की दिसेल त्या नंबरप्लेटवर तो मास्तरांच्या वतीने सूड उगवतो.

परवा त्याने मासळीचा टेम्पो अडवला. नंबर 3524. माडाच्या हिराने पुळणीत मांडामांड सुरू. मोठ्यापासून लहान आकडे 5432, त्यातून उलटे 2345 वजा, राहिले 3087. परत तसंच: 8730 वजा 0378, आले 8352. परत: 8532 वजा 2358.

“बघ, साहा हजार एकशे चौऱ्याहत्तर! चारय आकडे सारके नसले म्हणजे झाला, खयचोय नंबर घे, फार तर सात फेऱ्यांत हयच येतलो!”

टेम्पोतून बर्फाचं पाणी गळत होतं. “आबानू,” ड्रायव्हर म्हणाला, “बांगडो कुसलो तर ह्ये साहा हजार एकशे चौऱ्याहत्तर कोण भरतलो?”

वाघ, शेळी आणि गवत खाडीपार न्यायचं कोडं त्याने एकदा होडीवाल्यालाच घातलं. “वाघ होडयेत बसलो की मी पाण्यात,” होडीवाला म्हणाला. “मगे वल्ह्या कोण मारतलो, शेळी?” आबा दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

माझं मत विचाराल तर आबाला उत्तर नकोच असतं. त्याला हवा असतो डोकं खाजवणारा माणूस. कोणी झटकन सोडवलं की चेहरा पडतो आणि संशय येतो, “आदी ऐकलंस काय?”

अशात रापण ओढून वाटे लागत असताना एका शाळकरी चेडवाने त्यालाच गाठलं. “आबानू, धा हात बावीत कुर्ली पडली. दिसाक तीन हात चडता, रातीक दोन हात घसारता. भायर कधी येतली?”

“ह्या काय कोडा? दिसाक एक हात. धाव्या दिसाक!”

वाटे लावणारे हात थांबले.

“आठव्या दिसाक भायर इली, आबानू. नि नवव्या दिसाक तिचा सार झाला. तुमी धाव्याक येवन काय करतलास?”