चंदीगडचं भंगार

अहो वहिनी, जरा या की इकडे भिंतीपाशी. जास्वंद नंतर छाटा, ती काही पळून जात नाही. आमची आली ना काल चंदीगडहून! हो, कॉलेजची स्टडी टूर. या आर्किटेक्चरवाल्यांना दरवर्षी कुठेतरी हिंडवून आणतातच. गेल्या वर्षी अहमदाबादहून विटांचे फोटो आणले होते, यंदा काँक्रीटचे आणलेत. ढिगानं फोटो, आणि त्यात माणूस दिसेल तर शपथ. नाही, खोटं कशाला बोलू, एक दिसतो. निळ्या जाकिटातला मुलगा. खांबाशेजारी तो, दाराशेजारी तो, जिन्यात तो. विचारलं तर म्हणते, "आई, इमारत केवढी आहे ते कळायला फोटोत माणूस लागतो." बरं बाई. पण त्या कामाला वर्गातली बाकीची पोरं का नाही चालली? असो, ते मागाहून.

तर चंदीगड. फाळणीत लाहोर गेलं पलीकडे आणि पंजाबला राजधानीच उरली नाही. नेहरूंनी नवंकोरं शहर वसवायचं मनावर घेतलं. आधी आराखडा करायला मेयर नावाचा एक अमेरिकन नेमला होता, त्याच्या जोडीला नोविकी. तो नोविकी बिचारा १९५० मध्ये विमान पडून गेला, आणि मग १९५१ मध्ये आला हा कॉर्बुझिए. आमची पोरगी त्याचं नाव असं घेते की देव्हाऱ्यात फोटो लावायचाच काय तो बाकी आहे. पण मी सगळं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, हा वर्षातून दोनदा यायचा. तिथे राहून राबला तो त्याचा चुलतभाऊ, पिअर जानरे. चौदा वर्षं राहिला! उन्हाळे काढले तिथले. १९६५ मध्ये तब्येत बिघडली म्हणून परत गेला, दोन वर्षांत वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे रक्षा कुठे सोडली माहितीये? तिथल्याच सुखना तलावात. नाव मात्र थोरल्याचं झालं. घरोघरी असंच असतं म्हणा, तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या सासरचं तुम्ही जाणताच.

शहर चौकोनांत आखलंय. एकेक सेक्टर ८०० मीटर बाय १२०० मीटर. घरांनी मोठ्या रस्त्याकडे पाठ करायची. शाळा, दुकानं, बाग सगळं आतल्या बाजूला, म्हणजे पोराला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडायला नको. हे मला पटलं. आणि १३ नंबरचा सेक्टरच ठेवला नाही! अशुभ म्हणून, म्हणे. आपण मुहूर्त पाहिला की मागासलेले. आता कुठे २०२० मध्ये कडेच्या मनीमाजरा भागाला तो नंबर दिला.

हुद्द्याप्रमाणे घरं आखली होती, मंत्र्यापासून शिपायापर्यंत. पण शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतंत्र न्हाणी-संडास आणि वर अंगण. ती घरं एका बाईनं काढली, जेन ड्रू. म्हणूनच अंगण सुचलं, असं माझं मत. पोरगी म्हणते, "आई, असं जनरल काही बोलू नकोस." बरं, नाही बोलत.

त्या मोठ्या सरकारी इमारतींचं मात्र ऐका. हायकोर्ट, सचिवालय, विधानसभा, तिन्ही एका आवारात. २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं ते सगळं. सचिवालय अडीचशे मीटर लांब! १९६६ मध्ये हरियाणा वेगळा निघाला, पण राजधानी दोघांची तीच राहिली. भावांची वाटणी झाली आणि माजघर एकच राहिलं, तसं. विधानसभा त्याच इमारतीत दोघांची, हायकोर्टही एकच. मधे भला थोरला चौक आहे, लोकांनी तिथे जमावं, फिरावं म्हणून. आणि गंमत अशी की आत जायचं तर ओळखपत्र दाखवायचं, ठरलेल्या वेळी, गाइडच्या मागून. बंदूकवाले उभेच. पोरांनी मुकाट्यानं स्केचं काढली. एका बाजूला कॉर्बुझिएनं कल्पिलेला तो उघड्या पंजाचा पुतळा, २६ मीटर उंच, वारा आला की फिरतो. कॉर्बुझिए १९६५ मध्ये गेला, पंजा उभा राहिला १९८५ मध्ये. सरकारी काम. मला विचाराल तर फोटोत ते आवार उजाड दिसतं. पोरगी म्हणते सकाळच्या उन्हात सावल्या बघायला हव्या होत्यास. असेल.

बागा मात्र! वहिनी, बागांनी मला जळवलं. शहरातून एक ओढा जातो, बरं का. आपल्याकडे काय केलं असतं? स्लॅब टाकला असता, वर गाळे काढले असते आणि पावसाळ्यात बोंबललो असतो. तिथे त्या ओढ्याच्या कडेनं बागांची माळच ओवलीय, एक संपली की दुसरी. गुलाबांची बाग ३० एकर! आपल्या कॉलनीच्या बागेला कुलूप, आत 'गवतावर बसू नये', आणि गवत तर नाहीच. शिवाय शहरात कुणाही माणसाचा पुतळा उभारायचा नाही, असं कॉर्बुझिएनं लिहूनच ठेवलंय. आमचे हे म्हणाले, "मग नगरसेवकांनी करायचं काय?"

थांबा हं, शिट्टी झाली का कुकरची? दुसरी ना? मग आहे वेळ.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. एवढं सगळं सुतात आखलेलं शहर, आणि त्याच्या कडेला जंगलात, जिथे काहीही बांधायचं नाही असा नियम, तिथे एक माणूस अठरा वर्षं चोरून बांधत होता. नेक चंद. रस्ते खात्यात इन्स्पेक्टर, साधा सरकारी नोकर. फाळणीत गाव पलीकडे राहिलं, हा इकडे आला. शहर बांधण्यासाठी गावं उठवली होती ना, त्यांच्या पडक्या घरांचं सामान इकडेतिकडे पडलेलं. हा ड्यूटी संपली की सायकलवर निघायचा. फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, विजेच्या खांबावरच्या चिनीमातीच्या चिमण्या, टाकलेली बेसिनं, नदीतले गोटे. सगळं वेचून जंगलात नेऊन ठेवायचा. १९५७ ला सुरुवात. रात्री काम. पुतळे केले त्यातून, माणसं, माकडं, मोर, रांगाच्या रांगा! तुकडे जोडून पुढे पाण्याची वाट काढली, धबधबे केले. आणि दारं मुद्दाम बुटकी ठेवली, आत शिरताना मोठा साहेब असला तरी वाकलाच पाहिजे.

सापडला तेव्हा १९७५ साल उजाडलं होतं. सरकारी जागेवर बेकायदा बांधकाम! कागदावर पाडायलाच हवं. पण बघायला लोकांची रीघ लागली, आणि साहेब लोकांनीही शहाणपण केलं. पुढच्याच वर्षी ही बाग, रॉक गार्डन म्हणतात तिला, लोकांना उघडी, याला तिथलाच अधिकारी नेमला, पगार सुरू, हाताखाली पन्नास मजूर. १९८४ मध्ये पद्मश्री. आपल्या मुनशिपालटीत असतं तर नोटीस आली असती पहिली. नाही, जास्त बोलत नाही, तुमचे दीर तिथेच आहेत.

आता बघा, पोरांना नेलं होतं कॉर्बुझिए बघायला. पण पोरगी ज्यावर रात्री जेवताना बोलली, ते नेक चंदवर. तिचे सर म्हणाले म्हणे की एकानं शहर आखलं आणि दुसऱ्यानं त्या शहराचा कचरा आखला. पोरांना ते ज्युरीपुढे प्रोजेक्ट मांडताना वापरायचंय. आणि पुढचं ऐका, २०२५ च्या मार्चमध्ये हायकोर्टाच्या पार्किंगकडचा रस्ता रुंद करायचा म्हणून त्याच रॉक गार्डनची थोडी भिंत पाडली. लोक निषेधाला उभे राहिले, तरी पाडलीच. नेक चंद २०१५ मध्येच गेला, सुटला बिचारा. गाड्या लावायला जागा हवी! इथे आपण समोरच्यांच्या स्कॉर्पिओवरून भांडतो, तिथे हायकोर्ट.

आणि भंगाराची दुसरी बाजू तर कहर आहे. त्या जानरेनं आणि त्याच्या माणसांनी सरकारी ऑफिसांसाठी, कोर्टासाठी, कॉलेजांसाठी खुर्च्या-टेबलं करवून घेतली होती. सागवानी, पाठ-बैठक वेताची, पाय उलट्या व्हीसारखे. हजारांनी केली. वेत फाटला, बाबूंना फिरत्या खुर्च्या हव्या झाल्या, मग ही चढली गच्चीवर. उन्हापावसात ढीग. मग लिलावात भंगाराच्या भावानं गेली. घेतली कुणी? परदेशातल्या व्यापाऱ्यांनी. घासून-पुसून, नवा वेत विणून तिकडे लिलावात लावली, एकेक खुर्ची लाखांत! शहराचा नकाशा ओतलेली गटारांची लोखंडी झाकणंसुद्धा तिकडे विकली गेली. गटाराची झाकणं, वहिनी! २०११ मध्ये केंद्र सरकारनं बाहेर न्यायला बंदी घातली, तोवर बरंच गेलं होतं. म्हणजे बघा, ज्यांच्या हातात लाखांचं सामान होतं त्यांना ते भंगार दिसलं, आणि या पगारी इन्स्पेक्टरला फुटक्या बशीत मोर दिसला.

त्या खुर्च्यांच्या पाठीवर ऑफिसचं नाव, नंबर असं पांढऱ्या रंगानं लिहिलेलं असायचं. त्यावरूनच ओळखतात अस्सल कोणती ते. आणि मला एकदम तुमच्या गच्चीवरची आठवली. मामंजींनी बांधकाम खात्याच्या लिलावात घेतलेली, ज्यावर तुम्ही पापड वाळत घालता ती. हो हो, माहितीये, चंदीगडची कुठली, साताऱ्याचीच असणार. पण सागवानी आहे ना? वेताची आहे ना? मग वर जाऊन उलटी करून बघायला काय जातं? काल तुम्ही भंगारवाल्याला हाक मारताना ऐकलं मी.

झाली बघा तिसरी शिट्टी. काय? निळं जाकीट? अहो हळू बोला, पोरगी खिडकीतच बसलीये शीट्स करत. सोलापूरचा आहे म्हणे. संध्याकाळी भाजी आणायला निघाल तेव्हा मला हाक मारा, वाटेत सांगते.