अकरा महिन्यांची जहागीर

शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली ती 1638 च्या सुमारास. तिथल्या पाळणाघरवाल्या मराठी काकूंनाही एक मिळालेली असते. फक्त ती अकरा महिन्यांच्या करारावर, दहा महिन्यांचं भाडं अनामत ठेवून. राजांच्या डोक्यावर आदिलशहा होता हे खरं, पण तो विजापूरला राहायचा. काकूंचा घरमालक वरच्या मजल्यावर राहतो.

एचएसआर लेआउट, बेळंदूर, मारतहळ्ळी, व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी. जिथे म्हणून मराठी इंजिनियर जोडपी आहेत, तिथे चार गल्ल्यांआड एक काकू सापडतातच. मूळच्या सांगलीच्या, सोलापूरच्या, नाहीतर पुण्याच्या पेठेतल्या. यजमानांची बदली पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात झाली म्हणून आलेल्या. मुलगा शिकायला बाहेर पडला, घर सुनं झालं, आणि एके दिवशी ओळखीतल्या मुलीने "काकू, आठवडाभर बघाल का हो हिला?" म्हणत एक बाळ आणून सोडलं. तो आठवडा अजून संपलेला नाही.

याला कायद्याचाही हातभार आहे. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली, म्हणजे बाळ वरणाचं पाणी चाटायला लागतं न लागतं तोच आईला लॅपटॉप उघडावा लागतो. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे, असंही कायदा म्हणतो. पण पन्नासाच्या आतल्या कंपन्या या गावात पायलीच्या पन्नास. आणि जिथे सोय आहे, तिथवर तान्हं मूल घेऊन वाहनांनी तुंबलेला सिल्क बोर्डाचा चौक ओलांडायची छाती कोणाची? म्हणून मग काकू.

बाहेरच्यांना वाटतं, काकू मुलं सांभाळतात. तो त्यांचा जोडधंदा. मूळ धंदा घरमालक सांभाळण्याचा.

मालक म्हणजे सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर आयुष्यभराची कमाई ओतून तीन मजले चढवलेले. करारात 'फक्त राहण्यासाठी' असं लिहिलेलं. त्यांची भीती अगदीच खोटी नाही: उद्या कोणी तक्रार केली आणि मीटर व्यापारी दरात गेला तर? शिवाय खालच्या टाकीतलं पाणी. 2024 च्या मार्चमध्ये बोअरवेल आटल्या आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजारांचा दंड लागू झाला, तेव्हा मालक टाकीचं झाकण उघडून रोज आत डोकावत. खाली काकू अकरा ढुंगणं एका बादलीत धुण्याची कला शिकत होत्या.

दर महिन्याच्या पाच तारखेला, भाडं फोनवरून जमा झालेलं असूनही, मालक खाली येतात.

"मॅडम, मनेली एष्टु मक्कळु?" घरात मुलं किती, असं.

"ऐदु, सर." काकूंना कन्नड आकडे दहापर्यंत येतात, त्यातला पाचच वापरायचा, हे धोरण. वरची सहा नणंदेची. काकूंच्या नणंदेला एकाच वयाची सहा मुलं कशी, हे मालकांनी अजून विचारलेलं नाही. पण नणंदेच्या मुलांतलं एक केरळचं आणि एक ओडिशाचं आहे, हे त्यांच्या कानांनी टिपलेलं असावं.

पुरावे मात्र काकू कसून नष्ट करतात. इवल्या चपला जिन्यात राहू द्यायच्या नाहीत, आत टोपलीत टाकायच्या. बाबागाड्या मालकांच्या गाडीमागे नव्हे, बाथरूमच्या दारामागे. भिंतींवर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत खाकी कागद चिकटवलेला, कारण घर सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं अनामतीतून कापायची इथली रीत आहे आणि मेणखडूने दोन महिन्यांचं कापलं जाण्याची धास्ती. तीस हजार भाडं असेल तर तीन लाख मालकाकडे अडकलेले. त्या रकमेकडे बघत काकू मुलाच्या हातातला जांभळा खडू काढून घेतात. सगळं जमतं, घात होतो तो लाल डब्यात. बेंगळुरूत ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका पिशवीत आणि डायपर लाल डब्यात टाकायचे असतात. मालकीणबाई सकाळी रांगोळी घालता घालता तो लाल डबा नजरेने मोजतात. पाच मुलांना इतके डायपर लागत नाहीत, हा हिशेब त्यांनी स्वतःची तीन वाढवून शिकलेला असतो.

दुपारी एक ते तीन ही वेळ युद्धासारखी. कुकर बारालाच उतरवलेला. घंटीची वायर काकूंनी स्वतः काढून ठेवलेली. सतरंजीवर अकरा जण आडवे: नऊ झोपलेत, दहावं अंगठा चोखत पंखा बघतंय, अकरावं शेजारच्याचा कान ओढून तो निघतो का ते पाहतंय. मदतीला कलबुर्गीकडची अक्का आहे. ती एकीला थोपटत "अळबेडा, अळबेडा", रडू नको, असं पुटपुटते. एवढ्यात गल्लीत रद्दीवाल्याचा भोंगा: "हळे पेपर, हळे कब्बिणा!" एक उठतं, मग तीन, मग सतरंजीच उठते. काकूंना त्या रडण्याचं काही नाही. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मात्र पोटात गोळा येतो.

मुलगी मराठीत वाढावी म्हणून आया तिला मुद्दाम काकूंकडे ठेवतात. महिनाभरात ती घरी ताट ढकलून "ऊटा बेडा", जेवण नको, म्हणते. काकू म्हणतात, मेतकूट-भात माझा, भाषा अक्काची; एवढ्या फीमध्ये दोन्ही कुठे मिळतं? हेच पालक कॅमेरा बसवा म्हणून मागे लागतात आणि ऑफिसच्या मीटिंगमधून फोन करतात, "काकू, तो पालथा झोपलाय." संध्याकाळी साडेसहाला न्यायचं ठरलेलं असतं. पाऊस पडला की रिंग रोड तुंबतो आणि आठ वाजतात. उशिराचे जादा पैसे दारावरच्या पाटीवर लिहिले आहेत, पण ते मागताना काकूंना लाज वाटते. उलट भिजून आलेल्या आईलाच त्या गरम पिठलं वाढतात. या व्यवसायात पैसा टिकत नाही, त्याचं कारण हेच.

2020 च्या मार्चमध्ये सगळे आईबाप घरी बसले आणि सतरंजी एका दिवसात रिकामी झाली. भाडं मात्र घरून काम करत नाही. तेव्हा मालकांनी सहा महिन्यांचं भाडं अनामतीतून वळतं करून घेतलं आणि वर विचारलं, "मक्कळु बरल्वा?" मुलं येत नाहीत का, असं. पाच म्हणाले की अकरा, ते त्या वेळी कोणी विचारलं नाही. हल्ली आठवड्यातून तीन दिवस ऑफिस असतं, त्यामुळे पालक तीनच दिवसांची फी द्यायला बघतात. मालक तीन दिवसांचं भाडं घेत नाहीत, हे पालकांना काकू कितीदा समजावतात.

तुमचं कोणी बेंगळुरूला निघालं असेल आणि कडेवर बाळ असेल, तर कोणत्याही मराठी ग्रुपवर विचारा, काकूंचा नंबर मिळेल. जागा नाही असं त्या दोनदा म्हणतील, तिसऱ्यांदा हो म्हणतील. चपला आत काढा. जिन्यात मालक भेटले आणि त्यांनी विचारलं, तर तुम्ही नणंदेकडचे.