ह्याच्यात बसतला कोण?

देव्हारा नव्हे हो वहिनी तो! कोणी सांगितलं तुम्हाला? कोपऱ्यावरच्या काकूंनीच असणार. रिक्षातून उतरवताना बघत होत्या गडग्याआडून, आणि संध्याकाळी मला विचारतात, "प्रतिष्ठापना कधी?" दार आहे, कडी आहे, म्हणजे झाला देव्हारा! देव्हाऱ्याला खांद्यावर अडकवायचे पट्टे कशाला असतील, एवढा तरी विचार करायचा.

ती पेटी म्हणजे आमच्या चिरंजिवांचं खूळ. २०२५च्या सप्टेंबरात तो जपानी सिनेमा आला होता ना, 'डीमन स्लेयर'चा, त्याचं. त्यातला तांजिरो म्हणजे कोळसा विकणारा पोरगा. घरच्यांना राक्षसानं मारलं, एक बहीण तेवढी उरली, नेझुको, तर तीही राक्षसीण झालेली. उन्हात आली की जळणार. म्हणून हा तिला लाकडी पेटीत घालून पाठीवर घेऊन हिंडतो, आणि तीसुद्धा अंग आखडून लहान होऊन आत बसते. मी आधी हसत होते, पण हे ऐकल्यावर नाही हसले. आमचा हा मात्र भाऊबीजेला ताटात पन्नासाची नोट टाकताना दहादा खिसा चाचपतो, ते वेगळं.

तर मुंबईत डिसेंबरात ते कॉमिक कॉन होतं. पोरं आपापल्या आवडीचं सोंग घेऊन जातात. हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा मी शिवून दिला. तलवार त्यानं स्वतः केली, चपलांच्या तळाला वापरतात त्या फोमची. खरं पातं तिथं दारातूनच परत पाठवतात म्हणे, आणि बरोबरच आहे. फोम गरम हवेनं तापवायचा, की वाकतो आणि त्याची भोकंही मिटतात, नाहीतर रंग नुसता पीत राहतो. गोंद दोन्ही बाजूंना लावून सुकू द्यायचा आणि मगच चिकटवायचं. आठवडाभर माझ्या माजघरात असला वास होता म्हणून सांगू! शेवटी सासूबाईंनी त्याला पडवीत हाकललं.

पेटी मात्र त्याच्या आवाक्यातली नव्हती. तयार मिळते कुठंतरी, पण ती पुठ्ठ्याची, आणि किंमत ऐकून मीच म्हटलं, त्यापेक्षा आपले सुतारमामा काय वाईट? दशावताराच्या कंपन्यांच्या गदा, पेटारे दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सोंगाचं सामान कसं असावं हे त्यांना कोण शिकवणार?

गेलो आम्ही मोबाईलवरचं चित्र घेऊन. मामांनी चष्मा लावून बघितलं. ह्यानं आधी घोळ घातलाच, समोरचं एकच चित्र दाखवलं. मामा म्हणाले, मागची बाजू खंय? बाजूची खंय? मग त्यानं शोधून शोधून चार-पाच काढली. त्यांनी ह्याच्या पाठीची मापं घेतली, खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि मग विचारतात कसे, "पण बाय, ह्याच्यात बसतला कोण?"

मी म्हटलं, बहीण. कथेतली.

तर म्हणे, "मगे वारो खंयसून येतलो तिका?"

वहिनी, मला हसू आवरेना, पण मामा गंभीर. पोरगा म्हणतो, मामा, चित्रात भोकं नाहीत. मामा म्हणतात, चित्र काढणाऱ्याक काय जाता, माझ्या हातचा काम आसा. शेवटी तोड निघाली. भोकं पाडायची, पण तळाला, दिसणार नाहीत अशी. पोरगा गप्प झाला. आणि खरं सांगू, माणूस असं काम करतो तेव्हा त्याला पैसे कमी करा म्हणायला जीभ उचलत नाही. मी एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरही घासाघीस करते, तुम्हाला माहीत आहे.

पोराला वाटत होतं, अठरा एमएमचा प्लाय घेतला की मजबूत. मामांनी हिशेब मांडला, एवढी पेटी पंधरा किलोला जाईल, दिवसभर पाठीवर घेऊन दाखव. मग चार एमएमचा घेतला, आतून चारी कोपऱ्यांत पट्ट्या. खरी गोम खांद्याच्या पट्ट्यांची. पातळ प्लायला स्क्रू धरत नाही, खांद्याला हिसका बसला की उपटून येणार. म्हणून आतून जाड लाकडाची फळी, आणि तिच्यातून आरपार नटबोल्ट, वॉशर घालून. पट्टे आमच्या जुन्या खाटेच्या नवारीचे, मोच्याकडून दुहेरी शिवून घेतले. वर पॉलिश. कथेतसुद्धा ती पेटी तांजिरोच्या गुरूनंच करून दिलेली असते म्हणे, हलक्या लाकडाची, वरून कडक रोगण देऊन. मामांना हे सांगितलं तर नुसतं "हूं" म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी पॉलिशचा आणखी एक हात चढला होता.

तुतारी एक्स्प्रेसमधून मुंबईला नेली ती. बर्थवर पेटी, आणि हा खाली बसून. कॉमिक कॉनमध्ये म्हणे लहान पोरं मागून यायची, दार उघडून दाखव म्हणायची. आत काय, तर माझ्या घावण्यांचा डबा आणि पाण्याची बाटली! एक चिमुरडी रडकुंडीला आली, नेझुको कुठं गेली म्हणून. ह्यानं थाप मारली, ऊन आहे ना, झोपलीय, तिला बघायचं नसतं.

आता ती पेटी पडवीत आहे आणि घरात महाभारत चाललंय. सासूबाई म्हणतात, कांदे ठेवायला उत्तम आहे, तळाला भोकं आहेत, वारा लागतो. तो ऐकायला तयार नाही. काल रागारागानं त्यानं कडीला कुलूप घातलं, तर सासूबाईंनी पेटीवरच डाळीचं सूप वाळत ठेवलं.