नामदेव ढसाळ कोण बुवा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये सेन्सॉर बोर्डाच्या दारातून मराठी साहित्याला एक नवाच प्रश्न आला: नामदेव ढसाळ कोण? ‘चल हल्ला बोल’ या चित्रपटातल्या ढसाळांच्या कवितांवर हरकत घेताना अधिकाऱ्यानं असं विचारल्याचं दिग्दर्शक महेश बनसोडे यांनी सांगितलं. ‘गोलपिठा’ या त्यांच्या कवितासंग्रहाला तेव्हा ५३ वर्षं झाली होती, ढसाळांच्या पद्मश्रीला २६. पद्मश्री देणारं सरकार आणि प्रमाणपत्र देणारं सरकार एकच. मधलं टपाल तेवढं पोचायचं राहिलं असावं.

दोनच महिन्यांत अनंत महादेवन यांच्या ‘फुले’ या हिंदी चित्रपटाची पाळी आली. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द बोर्डानं काढायला लावले. ११ एप्रिलचं प्रदर्शन २५ एप्रिलवर गेलं. जोतिरावांची शाळा दाखवा, हजेरीपट मात्र कोरा ठेवा!

आता समजा, वजिराबादच्या टपरीवर चहा पिता पिता नांदेडच्या एखाद्या पोराच्या मनात आलं, की पोचिराम कांबळेंवर पिच्चर काढावा. कांबळे याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे, जातीनं मातंग. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला, मराठवाडा पेटला आणि कांबळेंना मारण्यात आलं. ‘जय भीम’ म्हणणं त्यांनी सोडलं नव्हतं. पण जातीचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर मारणारे कामून चिडले, हे सांगायचं कसं? ‘एका समाजाच्या इसमास दुसऱ्या समाजाच्या काही इसमांनी एका घोषणेवरून...’ पोलीस पाटलाचा पंचनामासुद्धा याहून धीट असतो.

बोर्डाचं म्हणणं पटलं नाही, तर दाद मागायला दिल्लीत अपील न्यायाधिकरण होतं. ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ २०१७ मध्ये तिथूनच सुटला. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रानं एका वटहुकमानं ते मोडीत काढलं. आता थेट हायकोर्ट. बड्या निर्मात्याच्या दिमतीला वकिलांची फौज असते. आपल्या पोराकडे मित्राचा मामा, तोही बांधाच्या भांडणांत मुरलेला. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी ‘वॉर अँड पीस’साठी हायकोर्टात झगडून २००३ मध्ये एकही कट न देता प्रमाणपत्र मिळवलं, हे खरं. पण कोर्टाच्या पायऱ्या त्यांना तोवर पाठ झाल्या होत्या.

कायदा अगदीच झोपलेला नाही हं. २०२३ च्या दुरुस्तीनं पालकांच्या देखरेखीचे तीन वर्ग पाडले: सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे. पोरांची वयं बोर्डाला वर्षागणिक ठाऊक, अडतं ते कवींपाशी.

बोर्डाच्या नऊ प्रादेशिक कार्यालयांपैकी नांदेडहून सगळ्यांत जवळचं हैदराबादेत आहे. निजामाच्या काळातही दाद मागायला तिकडंच जावं लागे. पोरगं मात्र तपोवन एक्सप्रेसनं मुंबईला निघालंय. पिशवीत हार्डडिस्क, ‘गोलपिठा’ची प्रत आणि ढसाळांच्या पद्मश्रीच्या बातमीचं कात्रण. तीन झेरॉक्स, साक्षांकित.