मेल जपून ठेवण्याची शास्त्रोक्त पद्धत

मराठी घरातून वस्तू दोन प्रकारे नाहीशी होते. एक, ती हरवते. दोन, ती कुणीतरी जपून ठेवते. हरवलेली वस्तू दिवाळीच्या साफसफाईत कपाटामागे सापडण्याची शक्यता तरी असते. जपून ठेवलेलीचे काही खरे नसते. कागदपत्रांच्या बाबतीत हे कौशल्य आपल्याकडे पिढीजात आहे. ईमेलसाठी मात्र थोडे तांत्रिक ज्ञान लागते. होतकरू संग्राहकांसाठी ते पुढे क्रमाने दिले आहे.

१. मुहूर्त

जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले, तेव्हा १ जीबी जागा फुकट मिळते यावर लोकांचा विश्वास बसेना. तारीखही तशीच होती. आता काही पुसायची गरज नाही, असे त्या वेळी सांगण्यात आले आणि आपण ते तंतोतंत पाळले. आज फुकटची मर्यादा १५ जीबी आहे, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. जागा संपल्याची सूचना दिसली तरी संग्राहकाने घाई करू नये. नवे मेल येणे बंद पडले आणि वीजबिल चुकले, की मुहूर्त लागला असे समजावे. जुने खाते पडून असलेल्यांची वेगळी सोय आहे: दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगलने डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला सुरुवात केली आहे. अशा खात्याचा संग्रह करण्याचा प्रश्नच उरत नाही.

२. निवड

नवशिके येथे चूक करतात. ते लागणारे पंधरा-वीस मेल शोधतात, प्रत्येकाच्या तीन ठिपक्यांच्या यादीतून ‘मेसेज डाउनलोड करा’ हा पर्याय निवडतात आणि ईएमएल फाइल मिळवतात. त्या एका फाइलीत मजकूर, जोडपत्रे आणि मेल कोणत्या वाटेने आला त्याची नोंद, सगळे असते. थंडरबर्ड, आउटलुक अशा कार्यक्रमांत ती उघडते. काम अर्ध्या तासात होते, म्हणूनच ते टाळावे. निवड करायची म्हणजे काय नको ते ठरवावे लागते, आणि २०११ सालच्या साडीसेलच्या जाहिरातीचे पुढे कधी काम पडेल हे कोणी सांगावे? सगळेच घ्यावे.

३. मागणी

सगळे घेण्यासाठी गूगल टेकआउट नावाची सोय आहे. तेथे एकट्या मेलवर खूण ठेवता येते. अनुभवी संग्राहक सगळ्याच खुणा तशाच राहू देतो, म्हणजे यूट्यूबवर काय काय पाहिले तेही पुढच्या पिढीसाठी राहते. गठ्ठा तयार व्हायला कधी तास, कधी दिवस लागतात. तो आपोआप २ जीबीच्या तुकड्यांत विभागला जातो आणि डाउनलोडची लिंक साधारण आठवडाभर चालते. म्हणून मागणी गणपतीला कोकणात निघण्याच्या आदल्या रात्री नोंदवावी. परत येईपर्यंत लिंक संपलेली असते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.

४. दर्शन

गठ्ठ्यात मेलची एकच भलीमोठी एमबॉक्स फाइल निघते. वर्षानुवर्षांचे सगळे मेल त्यात एकाखाली एक असतात. दोनदा क्लिक केल्यावर विंडोज विचारते, हे कशात उघडू? येथे नोटपॅड निवडावे. बराच वेळ पांढरा पडदा दिसेल, मग नोटपॅडला पेलली तर फाइल अवतरेल. प्रत्येक मेलची सुरुवात ‘फ्रॉम’ शब्दाच्या ओळीने होते, आणि त्याखाली मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे व आकडे यांची सलग खिचडी असते.

फाइल बिघडली असे समजून ती पुसण्याची प्रथा आहे. वास्तविक ती ठणठणीत असते. मेलचा जुना मार्ग साध्या रोमन चिन्हांपुरताच बांधलेला असल्याने आपली अक्षरे बहुधा बेस६४ या पद्धतीने वेष बदलून प्रवास करतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचे, आणि त्या ३ बाइटची बेस६४ मध्ये ४ चिन्हे होतात. ‘नमस्कार’ या शब्दात हलन्त आणि काना धरून ७ चिन्हे आहेत. त्यांची २८ होतात. खिचडीत ‘४’ आणि ‘के’ ही जोडी दर चार चिन्हांनी दिसू लागली, की समोर बहुधा कुणीतरी देवनागरीत बोलते आहे. तीच फाइल थंडरबर्डमध्ये आयात केली तर आत्याचे पत्र जसेच्या तसे वाचता येते. पण मग रहस्य ते काय राहिले?

५. आरसा

काही जण टेकआउटच्या वाटेला न जाता थंडरबर्डमध्ये खाते जोडतात. जोडणी आयमॅपने होते आणि सारे मेल लॅपटॉपवर दिसू लागतात. आयमॅप हा आरसा आहे: सर्व्हरवर जे आहे ते येथे दिसते, तेथून गेले की येथूनही जाते. संग्राहकाने मेल दिसताच समाधानाने चहा घ्यावा, मग जागा मोकळी करण्यासाठी जीमेलमधला कचरा आणि कचऱ्यासोबत बाकीचेही पुसावे. थोड्याच वेळात लॅपटॉपवरची बाजूही आज्ञाधारकपणे रिकामी होते. आधी सारे ‘लोकल फोल्डर्स’मध्ये उतरवून घेतले असते तर ते राहिले असते, म्हणून ती पायरी गाळावी.

६. जोडपत्रे

जीमेलमधून २५ एमबीपेक्षा जड काही पाठवायला गेले, की ते ड्राइव्हवर चढते आणि मेलमध्ये केवळ लिंक जाते. त्यामुळे ‘घरचा पत्ता तोच आहे ना?’ हा मेल संग्रहात अक्षरशः सुरक्षित राहतो, आणि चुलतभावाने पाठवलेले लग्नाचे फोटो संग्रहात कधी येतच नाहीत. लिंक जपली जाते, भावाने ड्राइव्ह साफ केला की फोटो जातात. जे जितके मोलाचे तितके ते जड, आणि जे जड ते बाहेर, असा हा नियम आहे. असे फोटो वेगळे उतरवून घेणाऱ्यांना या शास्त्रात स्थान नाही.

७. छापील प्रत

सोसायटीच्या सेक्रेटरीशी वाद असणाऱ्यांनी प्रत्येक मेलचा प्रिंटआउट काढून फायलीला लावावा. फाइल जाड झाली की बाजू भक्कम झाल्यासारखी वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र मागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली तिची बोटखूण, हेही लिहावे लागते. हॅश मूळ फाइलीचा निघतो, त्यामुळे मूळ मेल आधीच पुसून टाकला असल्यास वकिलांना बोलायला विषय मिळतो.

८. साठवण

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या जागी, असा जगन्मान्य नियम आहे. त्याचे आपल्याकडचे पालन असे: एक प्रत डेस्कटॉपवर, दुसरी त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर, तिसरी पेनड्राइव्हवर आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपच्याच बॅगेत. लोकलमध्ये बॅग राहिली की तिन्ही प्रती एकत्र प्रवास करतात. याहून पोहोचलेले लोक गठ्ठा त्याच खात्याच्या ड्राइव्हवर चढवतात, म्हणजे १५ जीबी पुन्हा भरते. फेब्रुवारी २०११ मध्ये एका बिघाडामुळे सुमारे ०.०२ टक्के जीमेलधारकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या, तेव्हा खुद्द गूगलला ते मेल वेगळ्या ठेवलेल्या टेपवरून परत आणावे लागले. एवढी मोठी कंपनी, पण वेगळी प्रत ठेवण्याइतकी भित्री.

शंकासमाधान

शंका: संग्रह नीट झाला की नाही हे उघडून पाहावे का?
समाधान: कदापि नाही. दरवर्षी एखादा जुना मेल संग्रहातून शोधून वाचणाऱ्यांचा संग्रह चालू अवस्थेत राहतो, ही त्यांची वैयक्तिक बाब आहे.

शंका: आमच्या पश्चात हे कोणाला मिळेल?
समाधान: गूगलच्या निष्क्रिय खाते व्यवस्थापकात नावे देऊन ठेवता येतात. वारसांना बँकेचे जुने ओटीपी उतरवून घेऊन वाचता येतील.

शंका: पण मला खरोखरच आईचे काही मेल पुन्हा वाचायचे आहेत.
समाधान: मग वरचे काहीही करू नका. क्रमांक २ मधल्या नवशिक्यांप्रमाणे ते वीस मेल उतरवून घ्या, फोल्डरला ‘नवे फोल्डर (३)’ सोडून कोणतेही नाव द्या, एक प्रत बहिणीच्या घरी ठेवा आणि त्यातला एक मेल आज रात्रीच तिला फोनवर वाचून दाखवा. ती म्हणेल, हा तर माझ्याकडे पहिल्यापासूनच आहे.