पथ्य वरणाचं, घोट गव्हाचा

युरिक ॲसिड वाढलं की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड तुरीच्या वरणावर पडते. मग पालक, टोमॅटो, मटकी. बिचारी भाजी मंडईतच बदनाम होते. हाच पथ्यकरी शनिवारी पुण्यात मुंढव्याच्या मायक्रोब्रुअरीत शाकाहारी स्टार्टर मागवतो आणि समोर हेफेवाइझन, म्हणजे गव्हाची गढूळ, सोनेरी बिअर ठेवून सांगतो, ‘‘ही न गाळलेली असते हो, एकदम नॅचरल!’’

अगदी खरं. त्या गढूळपणात यीस्ट असतं आणि यीस्टमध्ये प्युरिन भरपूर. शरीर त्याचंच युरिक ॲसिड करतं. वरून अल्कोहोल ते मूत्रावाटे बाहेर पडू देत नाही. म्हणजे आवक वाढवायची आणि जावक अडवायची, दोन्ही कामं एकाच ग्लासात! बिनअल्कोहोलची बिअर घ्यावी, तर प्युरिन तिच्यातही आहेच.

अमेरिकेतल्या ४७ हजारांवर पुरुषांची १२ वर्षं नोंद ठेवून २००४ मध्ये निष्कर्ष आले. रोज दोन किंवा जास्त बिअर पिणाऱ्यांत गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या संधिवाताचा, धोका सुमारे अडीचपट. त्याच पुरुषांत प्युरिनयुक्त भाज्यांनी धोका वाढलेला दिसला नाही. पालक निर्दोष सुटला, पण निकाल आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलाच नाही. (कलेजी आणि तारली मात्र निर्दोष नाहीत.)

बरं, नुसत्या पथ्यानं पातळी उतरते साधारण एक अंकानं. गाठायचं असतं सहाच्या खाली. तेव्हा युरिक ॲसिड उतरवायला दिलेली गोळी चुकवू नका, आणि डॉक्टरांनी विचारलं तर ग्लासांचा खरा आकडा सांगा.